कायदा, लोकशाही आणि हॉस्टेलमधून नेलेला राजन

आमच्या विंगमधला एक मित्र कालिकतच्या एनआयटीला 'रागम' फेस्टिव्हलला जाऊन आला. येताना टी-शर्ट घेऊन आला आणि दोन दिवस मेसमध्ये तोच घालून मिरवत होता. बोलता बोलता सहज म्हणाला, "अरे, हा फेस्ट तिथल्या एका जुन्या स्टुडंटच्या आठवणीत असतो. राजन नाव त्याचं. इमर्जन्सीमध्ये पोलिसांनी हॉस्टेलमधून उचललं, परत आलाच नाही."

टेबलावर जरा शांतता झाली. मग एकाने विचारलं, "असं कसं उचलतील? कायदा नव्हता का?" दुसरा म्हणाला, "अरे, तेव्हा लोकशाहीच नव्हती ना!"

विषय तिथेच संपला, कारण भाजी संपत आली होती. पण माझ्या डोक्यातून ती दोन वाक्यं जाईनात. नंतर लायब्ररीत बसून जे वाचलं त्यावरून लक्षात आलं की दोघांचंही चुकत होतं. कायदा होता. संसद चालू होती, मतदान होत होतं, ठराव पास होत होते. सुप्रीम कोर्टसुद्धा उघडं होतं. जे झालं ते हे सगळं असताना झालं. मित्रांनो, हीच गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटते.

आधी राजनबद्दल. पी. राजन हा कालिकतच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. (तेच कॉलेज २००२ पासून एनआयटी झालं.) गाणं उत्तम म्हणायचा. २८ फेब्रुवारी १९७६ ला केरळमधल्या कायण्णा पोलिस स्टेशनवर नक्षलवाद्यांचा हल्ला झाला. त्या तपासात पोलिसांनी संशयावरून तरुणांची धरपकड सुरू केली. १ मार्चला सकाळी राजन आणि अजून एक विद्यार्थी एका कॉलेजमधल्या कलामहोत्सवाहून हॉस्टेलवर परतले, तेव्हा पोलिस तिथे होते. दोघांना नेलं. वॉरंट नाही, काही नाही. कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनी त्याच दिवशी वडिलांना रजिस्टर्ड पत्राने कळवलं की तुमच्या मुलाला पोलिसांनी नेलं आहे. हे पत्र लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

वडील टी. व्ही. ईच्चर वारियर. हिंदीचे प्राध्यापक. मुलगा कुठे आहे हे विचारायला ते पोलिस अधिकाऱ्यांकडे गेले, गृहमंत्र्यांकडे गेले, राष्ट्रपती आणि पंतप्रधानांपर्यंत अर्ज पाठवले. वर्षभर उत्तर नाही.

आता आपल्यासारख्या कोणालाही प्रश्न पडेल, ते कोर्टात का गेले नाहीत?

कोर्टात जायची एक वाट आपल्या राज्यघटनेत आहे. तिचं नाव हेबियस कॉर्पस, मराठीत बंदीप्रत्यक्षीकरण. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला दोनदा अडखळायला झालं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा परिणाम, दुसरं काय!) अर्थ मात्र एकदम सोपा आहे. सरकारने एखाद्याला पकडून ठेवलं असेल, तर त्याचा कोणीही नातेवाईक, मित्र कोर्टाला सांगू शकतो की त्याला इथे समोर आणा, आणि कोणत्या कायद्याने पकडलं ते सांगा. हायकोर्टाला हा अधिकार कलम २२६ खाली आहे, सुप्रीम कोर्टाला कलम ३२ खाली. कलम ३२ ला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा आत्मा म्हटलं होतं. शाळेत सिव्हिक्सच्या पेपरला हे वाक्य मी मार्कांसाठी लिहिलं आहे. त्यातलं महत्त्व तेव्हा कळलं नव्हतं. 'कोणत्या कायद्याने?' हा प्रश्न विचारायची जागा म्हणजे ते कलम. हक्कांची यादी कितीही मोठी असू दे, हा प्रश्न विचारायची खिडकी बंद झाली की ती यादी भिंतीवरचं कॅलेंडर होते.

ती खिडकी बंद झाली होती, आणि ती बंद करायचं कामही कायद्यानेच झालं होतं. हे कसं झालं ते जरा क्रमाने पाहू, कारण यात एकही पायरी अशी नाही जिथे कोणी उघडपणे म्हटलं की आता आम्ही लोकशाही बंद करतो.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत रायबरेलीमधून इंदिरा गांधी एक लाखाहून जास्त मतांनी जिंकल्या. हरलेले उमेदवार राज नारायण अलाहाबाद हायकोर्टात गेले. १२ जून १९७५ ला न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी निकाल दिला की निवडणुकीत सरकारी अधिकाऱ्यांचा वापर झाला, तेव्हा निवडणूक रद्द. एक अधिकारी राजीनामा मंजूर होण्याआधीच प्रचाराला लागला होता, आणि सभांचे मंच व लाऊडस्पीकरची वीज यांची व्यवस्था सरकारी लोकांनी केली होती. बऱ्याच आरोपांतून हे दोनच टिकले.

खरं सांगतो, हे वाचल्यावर मलाही वाटलं की एवढ्याशा कारणासाठी पंतप्रधानांची निवडणूक रद्द? लाखभर मतं काय लाऊडस्पीकरच्या विजेमुळे मिळाली? लोकांनी निवडून दिलं, आणि एक न्यायाधीश 'नाही' म्हणतो, ही कसली लोकशाही? हा प्रश्न फालतू नाही. आजही डिबेट कॉम्पिटिशनमध्ये कोणी मांडला तर टाळ्या मिळतील. पण ज्या कायद्याने निवडणूक रद्द झाली तो लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा, आपल्याच संसदेने केलेला. बाहेरून कोणी लादलेला नव्हता. सत्तेवर असलेल्याने सरकारी यंत्रणा वापरायची नाही, हा नियम नसेल तर पुढच्या निवडणुकीत विरोधकाला उभं राहूनही उपयोग नाही. मॅचचे नियम जिंकणाऱ्याला लागू नसतील तर ती मॅच कसली?

२४ जूनला सुप्रीम कोर्टाच्या न्या. कृष्णा अय्यर यांनी अर्धी स्थगिती दिली. पंतप्रधान पदावर राहू शकतात, संसदेत बसू शकतात, पण खासदार म्हणून मत देऊ शकत नाहीत. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला सांगितलं दुसऱ्या दिवशी सकाळी! आणि यातही बेकायदा काय होतं? कलम ३५२ मध्ये तेव्हा मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो असं लिहिलेलंच नव्हतं. 'अंतर्गत अशांतता' हे कारण चालत होतं. २७ जूनला कलम ३५९ खाली आदेश निघाला की कलम १४, २१ आणि २२ च्या हक्कांसाठी कोणालाही कोर्टात दाद मागता येणार नाही. घटनेतच ही सोय होती. जुलैमध्ये संसदेने आणीबाणीला मंजुरी दिली. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तेव्हा जेलमध्ये होते, पण कोरम भरला होता.

ऑगस्टमध्ये ३८ वी घटनादुरुस्ती आली. आणीबाणी लावण्याबाबत राष्ट्रपतींचं समाधान अंतिम आणि निर्णायक, कोर्टाने त्यात बघायचं नाही. हे वाचताना मला आपल्या हॉस्टेल फॉर्मची शेवटची ओळ आठवली, 'रेक्टरांचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील.' (सर, रागावू नका, फक्त उदाहरण आहे!) आपण सगळे त्याखाली न वाचता सही करतो. त्यात काही बिघडत नाही, कारण रेक्टरांच्या वर प्रिन्सिपॉल आहेत, त्यांच्या वर युनिव्हर्सिटी आहे, आणि अगदी वेळ आली तर कोर्ट आहे. पण ज्याच्या वर कोणीच नाही त्याने 'माझा निर्णय अंतिम' असं लिहून घेतलं तर?

लगेच ३९ वी दुरुस्ती. हिच्या तारखा बघण्यासारख्या आहेत. ७ ऑगस्टला लोकसभेत पास, ८ ला राज्यसभेत, मग राज्यांच्या विधानसभांची संमती, १० ऑगस्टला राष्ट्रपतींची सही. आमचं सबमिशनसुद्धा इतक्या लवकर होत नाही. घाई कशाची, तर ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टात पंतप्रधानांच्या अपिलाची सुनावणी होती. दुरुस्तीत म्हटलं होतं की पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद कोर्टांच्या हातात नाही, आणि आधी रद्द झालेली निवडणूकही वैध समजावी. म्हणजे चालू केसचा निकाल घटनेतच लिहून टाकला.

इलेक्ट्रिकलवाल्यांना हे चटकन कळेल. रूममध्ये हीटर लावला की फ्यूज उडतो. मग कोणीतरी शहाणा फ्यूजच्या जागी जाड तार टाकतो. लाईट जात नाही, सगळे खूश. वायरिंग तेच, मीटर तोच, बोर्डवर 'फ्यूज' असं लिहिलेलंही तसंच. फक्त लोड वाढला की आता तुटणारं काही उरलं नाही.

तरी एक फ्यूज तेव्हा शिल्लक होता. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या खंडपीठाने ७ विरुद्ध ६ असा निकाल दिला होता की संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. एका मताचा फरक! त्याच्याच आधाराने ७ नोव्हेंबर १९७५ ला सुप्रीम कोर्टाने ३९ व्या दुरुस्तीतला तो भाग रद्द केला. निवडणूक मात्र वैध ठरली, कारण दरम्यान संसदेने निवडणूक कायदाच मागच्या तारखेपासून बदलला होता. ज्या दोन गोष्टींमुळे निवडणूक रद्द झाली होती त्या आता गुन्हाच राहिल्या नव्हत्या. कायद्याचा मान राखून कायद्याला कसं वाकवायचं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलं नाही.

बाहेर काय चाललं होतं? शाह आयोगाच्या आकड्यांप्रमाणे आणीबाणीत १ लाख १० हजारांहून जास्त लोकांना अटक झाली, त्यातले सुमारे ३५ हजार मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय. सगळीच माणसं गप्प बसली असं नाही. मुंबईत वकिलांना नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर एक सभा घ्यायची होती. विषय तर बघा! पोलिसांनी परवानगी नाकारली, आणि मुंबई हायकोर्टाने ती मनाई रद्द केली. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. आमच्या बॅचमध्ये कितीजणांना हे माहीत असेल? मला नव्हतं.

जेलमधल्या लोकांच्या वतीने हेबियस कॉर्पसच्या याचिका वेगवेगळ्या हायकोर्टांत गेल्या. बंगलोरच्या जेलमध्ये अडवाणी, वाजपेयी यांच्याबरोबर आपल्या कोकणचे खासदार मधू दंडवते होते, त्यांचीही त्यात होती. नऊ हायकोर्टांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी अटक त्या कायद्यात बसते का, एवढं तरी आम्ही बघू शकतो. सरकार अपिलात सुप्रीम कोर्टात गेलं. हाच तो एडीएम जबलपूर खटला.

सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना एक प्रश्न विचारला. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक दुश्मनीतून एखाद्याला ठार मारलं, तर तरीही कोर्टात काही उपाय नाही का? डे यांनी सांगितलं की आमचा युक्तिवाद मान्य केला तर आणीबाणी चालू असेपर्यंत नाही. भर कोर्टात, इतक्या सरळ शब्दांत.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल आला. चार विरुद्ध एक. हेबियस कॉर्पस मागायचा हक्कच आणीबाणीत नाही. सरन्यायाधीश ए. एन. राय, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती एका बाजूला. खन्ना एकटे दुसऱ्या बाजूला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य घेता येत नाही, हे तत्त्व कलम २१ ने जन्माला घातलेलं नाही, तेव्हा कलम थांबवलं म्हणून ते थांबत नाही. त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की या निकालामुळे आपलं सरन्यायाधीशपद जाणार हे त्यांनी आधीच बहिणीला सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतातले बाकीचे दोघेही पुढे सरन्यायाधीश झाले.

आता राजनची तारीख पुन्हा आठवा, १ मार्च १९७६. एप्रिलमध्ये हा निकाल. म्हणजे प्राध्यापक वारियर कागद घेऊन हिंडत होते तेव्हा देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगून टाकलं होतं की हा प्रश्न विचारता येणार नाही. आणि राजन तर मिसाखालीही नव्हता. त्याच्या नावाचा अटकेचा साधा आदेश नव्हता. पण प्रश्नच विचारता येत नसेल तर आदेश असला काय, नसला काय? हे एकदा पोलिसांच्या लक्षात आलं की मग कागद करायचे कष्ट कोण घेईल?

लोकसभेची मुदत दोनदा एकेक वर्षाने वाढवली गेली (तीही कायद्यानेच), पण शेवटी मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. रायबरेलीत त्याच राज नारायणांनी इंदिरा गांधींना हरवलं. २१ मार्चला आणीबाणी उठली. खिडकी कोणी उघडली? कोर्टाने नाही. लोकांनी, मतपेटीतून.

आणि चारच दिवसांनी, २५ मार्चला, प्राध्यापक वारियर यांची हेबियस कॉर्पस याचिका केरळ हायकोर्टात दाखल झाली.

इथून पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण केरळची गोष्ट बाकी उत्तर भारतापेक्षा उलटी होती. तिथे काँग्रेसची आघाडी हरली नव्हती. विधानसभेच्या १४० पैकी १११ जागा जिंकून आली होती. आणीबाणीत गृहमंत्री असलेले के. करुणाकरन त्याच २५ तारखेला मुख्यमंत्री झाले. ताजं, प्रचंड, अगदी कायदेशीर बहुमत. 'लोकांनी आम्हाला निवडून दिलं' असं म्हणायचा पूर्ण हक्क. समोर कोण, तर एक वयस्कर हिंदीचे मास्तर. पक्ष नाही, पैसा नाही.

सरकारने आधी शपथेवर सांगितलं की राजनला अटक झालीच नव्हती. मग ते रजिस्टर्ड पत्र पुढे आलं. कॉलेजच्या लोकांनी, प्रिन्सिपॉलपासून सगळ्यांनी, जे पाहिलं होतं आणि जे माहीत होतं ते कोर्टाला सांगितलं. आपल्या कॉलेजच्या स्टाफपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी क्षणभर विचार करावा. मुख्यमंत्री एक सांगतात आणि आपण साक्षीत बरोबर त्याच्या उलट सांगायचं आहे, तेही निवडणूक होऊन महिना झालेला नसताना. १३ एप्रिलला हायकोर्टाने मानलं की राजनला पोलिसांनी नेलं होतं, आणि आदेश दिला की त्याला २१ एप्रिलला कोर्टात हजर करा, जमत नसेल तर का ते सांगा.

मग दुसरं प्रतिज्ञापत्र आलं. राजनचा मृत्यू २ मार्च १९७६ ला कक्कयमच्या पोलिस कॅम्पमध्ये झाला होता. म्हणजे नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. वडील वर्षभर ज्याला शोधत होते तो पहिल्या अर्जाच्या आधीच गेला होता.

२५ एप्रिलला करुणाकरन यांनी राजीनामा दिला. बरोबर एक महिना मुख्यमंत्री. १११ आमदार पाठीशी होते!

मेसमधल्या त्या दोन वाक्यांकडे मी आता असं बघतो. दिल्लीत मतांनी कोर्टाची खिडकी उघडली, आणि केरळमध्ये कोर्टाने मतांवर निवडून आलेल्याला उत्तर द्यायला लावलं. पहिलं झालं नसतं तर दुसरं शक्यच नव्हतं. १९७५ ला नेमकं याच्या उलट, एका बाजूने दुसरीला बंद केलं होतं. तेव्हा 'कायदा होता का' हे विचारून भागत नाही. कायदा तर मिसासुद्धा होता. विचारायचं असं की, त्या कायद्याबद्दल राज्यकर्त्याला जाब विचारायची सोय होती का? आणि 'बहुमत होतं का' हे विचारूनही भागत नाही, कारण ३९ व्या दुरुस्तीला बहुमताची काही कमी नव्हती.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने बरीच डागडुजी केली. 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र उठाव' आला, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला, आणि कलम २० व २१ आणीबाणीतही थांबवता येणार नाहीत असं लिहिलं गेलं. न्या. भगवतींनी २०११ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की तो निकाल चुकला. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने एडीएम जबलपूरचा निकाल अधिकृतपणे मोडीत काढला. तो भाग लिहिणारे न्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड. १९७६ च्या बहुमतातल्या यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव. वडिलांचा निकाल मुलाने रद्द केला, ४१ वर्षांनी.

हेबियस कॉर्पस या लॅटिन शब्दांचा अर्थ 'देह हजर करा' असा होतो. राजनचा देह कधीच मिळाला नाही. ईच्चर वारियर यांनी मुलाच्या आठवणींचं मल्याळममध्ये पुस्तक लिहिलं. ते २००६ मध्ये गेले. टी-शर्टवाल्या मित्राला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, "त्या प्रिन्सिपॉलनी पत्र साध्या पोस्टाने पाठवलं असतं तर?"